आठ भुजांची जात

वैभववाडी हा सिंधुदुर्गातला बिनसमुद्राचा तालुका. किनारा आला तो देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या वाट्याला. वैभववाडीला मिळाले करुळ आणि भुईबावडा हे दोन घाट, कोकण रेल्वेचं एक स्टेशन आणि पावसाळ्यात वाघोटनेकडे धावत सुटणारे व्हाळ. मासळी इथे किनाऱ्यावरून चढून येते. बाजारात मासेवाली टोपली रिकामी करते आणि वाटे लावू लागते. बांगडे इकडे, पेडवे तिकडे, सौंदाळे पलीकडे. हात कुठे अडत नाही. जे कोणत्याच वाट्यात बसण्यासारखं नसतं ते मुळात टोपलीपर्यंत पोचतच नाही; जाळ्यातून निघालेला तो ‘कचरा’ किनाऱ्यावरच झटकला जातो.

त्या कचऱ्यात कधीमधी एक प्राणी असतो. मधे छोटीशी चकती आणि तिच्यातून निघालेले पाच लांब, सडसडीत, वळवळणारे हात. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव ब्रिटल स्टार, मराठी पुस्तकातलं भंगुर तारा. कुणी हात धरला तर हा प्राणी तो हात तिथेच सोडून निघून जातो आणि पुढे नवा वाढवतो. खायला निरुपयोगी, विकायला निरुपयोगी. पण मासेवालीच्या हातांमागे जो प्रश्न दडलेला आहे, तो या फेकून दिलेल्या जिवाइतका स्वच्छपणे दुसऱ्या कुणी मांडलेला नाही. बांगड्यांचा वाटा तिने ओळखला की तिने तो लावला म्हणून झाला? जात वस्तूत असते की बघणाऱ्याच्या सोयीत? भारतातल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी, आणि बौद्धांनी या एका प्रश्नावर काही शतकं एकमेकांना झोपू दिलं नाही.

आधी प्राणी नीट पाहू.

तारामासा आणि भंगुर तारा वरवर सख्खे भाऊ वाटतात, पण उलटे करून पाहिले की फरक कळतो. तारामाशाच्या हातांत पचनग्रंथी शिरलेल्या असतात, हात म्हणजे पोटाचाच विस्तार. भंगुर ताऱ्याचा संसार जवळजवळ सगळा चकतीत. हातात असते ती मणक्यांसारख्या तुकड्यांची ओळ, मधून जाणारी मज्जारज्जू आणि स्नायू. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच जबडे. गुदद्वार नाही; खाल्लेल्यातलं उरलेलं आल्या वाटेनेच बाहेर. हातांच्या बुडाशी दहा फटी असतात, त्यांतून पाणी आतल्या पिशव्यांत जातं-येतं. श्वास तिथून आणि बहुतेकांत अंडी-शुक्रही तिथूनच. अंगावरची प्रत्येक पट्टी म्हणजे सच्छिद्र कॅल्साइटचा एकेक स्फटिक. मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि प्रत्येक हातात त्याची एक शाखा, एवढ्यावर भागतं.

भागतं म्हणजे किती? कॅरिबियन समुद्रातली एक जाती दिवसा गडद आणि रात्री फिकी होते आणि उजेडापासून पळते. २००१ साली जोआना आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की तिच्या हातांवरचे स्फटिकाचे फुगवटे ही सूक्ष्म भिंगं आहेत. अख्खं अंग म्हणजे डोळा, ही कल्पना जगभर गाजली. २०१८ साली लॉरेन समनर-रूनी यांच्या गटाने दाखवून दिलं की प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या भिंगांच्या मागे नाहीतच, त्या मधल्या जागेत आहेत. २०२० मध्ये पुढचं उत्तर आलं. प्राण्याला आकार ढोबळ दिसतो खरा, पण तो रंगपेशींच्या आडोशामुळे. रात्री रंग फिका पडला की ही दृष्टीही जाते. फुगवटे भिंगांसारखे दिसत होते, भिंगांसारखे वागूही शकत होते, पण दृष्टीशी त्यांचा संबंध नव्हता. खुणेवरून निष्कर्ष काढणाऱ्याने हे प्रकरण लक्षात ठेवावं. पुढे तेच पुन्हा पुन्हा घडणार आहे.

खोल पाण्यात उतरलं की हा साचा मोडायला लागतो. बास्केट स्टारच्या हातांना फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि प्रवाहात पसरलेलं ते जाळं वाहत येणारे सूक्ष्म जीव धरतं. ॲस्टेरोनिक्स नावाचा एक प्रकार खोल चिखलात उभ्या असलेल्या सी-पेन या प्रवाळांच्या नातलगावर चढून बसतो आणि त्याचे हात लांबीला सारखे नसतात. ओफिओपायर्गसची चकती चपटी राहतच नाही, ती मनोऱ्यासारखी वर जाते. मादागास्करजवळून आलेल्या ॲस्ट्रोफ्युराने तर पर्सी स्लेडन यांना १८७९ साली पुरतं चकवलं. पंचकोनी, चपटं, काठाला हातांच्या पट्ट्या चिकटून एकसंध झालेलं हे अंग पाहून त्यांना तो तारामासा आणि भंगुर तारा यांच्यामधला दुवा वाटला. आज त्याची गणना सरळ भंगुर ताऱ्यांत होते. दुवाबिवा काही नाही, खडकाला चिकटून राहण्यासाठी अंग चपटं झालेलं.

आणि मग ओफिओजुरा. २०११ साली फ्रान्सच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची एक मोहीम न्यू कॅलेडोनियाच्या पूर्वेला बाँक ड्युराँ या सागरी डोंगरावर जाळं ओढत होती. सुमारे पाचशे मीटर खोलीवरून एक प्राणी वर आला आणि बाटलीत गेला. त्याला पाच नव्हे, आठ हात होते, प्रत्येक सुमारे दहा सेंटिमीटरचा, आकड्यांनी आणि काट्यांनी भरलेला. काही वर्षांनी मेलबर्नच्या म्युझियम्स व्हिक्टोरियाचे टिम ओहारा पॅरिसमधला हा साठा चाळत असताना त्यांची नजर या बाटलीवर थबकली. सूक्ष्म सीटी स्कॅन केल्यावर जबड्यांवर टोकदार दातांच्या ओळीच्या ओळी दिसल्या. डीएनए तपासला तर जिवंत नातेवाईक जवळपास कुणीच नाहीत. २०२१ मध्ये त्याला नाव मिळालं, ओफिओजुरा एक्सबोडी, आणि त्याच्या एकट्यासाठी एक नवं कुळही उभं राहिलं. सर्वांत जवळचं साम्य सापडलं ते उत्तर फ्रान्समधल्या ज्युरासिक खडकांतल्या बारीकशा अस्थी-तुकड्यांत. वय सुमारे १८ कोटी वर्षं. करुळ घाट ज्या काळ्या कातळातून कापला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे ही शाखा वेगळी झाली तेव्हा सह्याद्री नव्हता, आणि भारत अजून गोंडवन या महाखंडात आफ्रिका-मादागास्करला चिकटून होता.

या जिवांशी भारताचा शास्त्रीय संबंध जुना आहे, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण-जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. त्यावर डॉक्टर-निसर्गतज्ज्ञ म्हणून अल्फ्रेड अल्कॉक यांनी काम केलं, आणि अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, अंदमान इथून खरवडून आणलेला माल कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमा झाला. भंगुर तारे अभ्यासासाठी लियाँचे प्राध्यापक रने कोलर यांच्याकडे गेले. त्यांचा पहिला लेख १८९७ चा, इंडियन म्युझियमने छापलेला ग्रंथ १८९९ चा. योगायोग असा की १८९७ सालीच मुंबईत अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली आवृत्ती निघाली, महादेव राजाराम बोडसांच्या प्रस्तावनेसह. एकीकडे खोल समुद्रातल्या जाती पाडण्याचं काम, दुसरीकडे ‘जाती’ म्हणजे काय याचं पाठ्यपुस्तक. दोघांची भेट झाल्याचं कुठे दिसत नाही. व्हायला हवी होती.

कारण नैयायिक जातीबद्दल फार काटेकोर होते. त्यांच्या मते ‘सामान्य’ हा खराखुरा पदार्थ आहे, नित्य, एक आणि अनेकांत राहणारा. घट फुटतात, घटत्व राहतं. पण उठसूट कुठल्याही समान गुणाला जातीचा मान द्यायचा नाही, एवढी शिस्त त्यांना होती. दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त सहा अडथळे सांगितले. त्यांतला एक जरी आडवा आला तरी तो धर्म जाती नाही, केवळ उपाधी; म्हणजे बोलायला सोयीचा, पण वस्तूच्या मुळाशी न पोचणारा.

सहांतला ‘संकर’ हा अडथळा भंगुर ताऱ्यांसाठीच रचल्यासारखा आहे. उदाहरण शास्त्रातलं: पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश ही भूतं. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन ही मूर्त द्रव्यं. चार ठिकाणी दोन्ही धर्म एकत्र, पण आकाशात एकच, मनात दुसराच. दोन वर्तुळं एकमेकांना अर्धवट छेदतात, एक दुसऱ्याच्या पोटात पूर्ण बसत नाही. उदयनाचं म्हणणं, असे दोन्ही धर्म जाती असूच शकत नाहीत. खऱ्या जाती एकीच्या पोटात दुसरी बसतात किंवा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या राहतात.

आता समुद्र. भंगुर ताऱ्याचं पिल्लू पाण्यात तरंगतं तेव्हा त्याला काठ्यांसारखे लांब हात असतात, आणि ते हुबेहूब सागरी साळिंदराच्या, म्हणजे सी अर्चिनच्या पिल्लासारखं दिसतं. तारामाशाचं पिल्लू वेगळ्या धाटणीचं. प्रौढ झाल्यावर मात्र भंगुर तारा तारामाशासारखा ताराकृती, साळिंदर गोल गरगरीत. पिल्लं पाहिली तर भंगुर तारा आणि साळिंदर एका वाट्यात. मोठे प्राणी पाहिले तर भंगुर तारा आणि तारामासा एका वाट्यात. दोन वर्तुळं, एकमेकांना अर्धवट छेदणारी, आणि छेदात नेमका भंगुर तारा. शंभरावर वर्षं प्राणिशास्त्रज्ञ या दोन वर्तुळांत फिरत राहिले. दोन्ही खरी असणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना मान्य होतं. खरं कोणतं यावर भांडण. २०१४ च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी शेकडो जनुकांची तुलना केली आणि कौल तारामाशाच्या बाजूने गेला. पिल्लांचं साम्य वेगवेगळ्या वाटेने आलेलं ठरलं. उदयनाच्या भाषेत, ताराकृती कुळ ही जाती. काठ्यांच्या हातांचं पिल्लू असणं ही उपाधी.

इतक्या दुरून आलेला नियम इतका नेमका का बसावा? उत्तर नैयायिकाला कदाचित आवडणार नाही. जीवांच्या जाती एकीच्या पोटात दुसरी बसतात, कारण त्या एका झाडाच्या फांद्या आहेत. फांदी फुटते, फुटल्यावर पुन्हा मूळ फांदीत मिसळत नाही, म्हणून संकर होत नाही. नियम टिकतो तो वंशामुळे. पण वंश म्हटला की जन्म आला, आणि जन्म आला की नित्यत्व गेलं. ओफिओजुराची फांदी १८ कोटी वर्षं जुनी असेल, तरी तिला सुरुवात आहे. जिला सुरुवात आहे ती जाती नैयायिकाच्या व्याख्येतून बाहेर पडते, आणि तरीही त्याच्या सर्वांत कडक कसोटीला उतरते.

याच कसोटीने आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसपासूनची मांडणीही तपासता येते. १७५८ साली त्याने तारामासे, भंगुर तारे, बास्केट स्टार सगळे एकाच ‘ॲस्टेरियास’ प्रजातीत (जीनसमध्ये) टाकले होते. पुढे भंगुर ताऱ्यांना स्वतंत्र वर्ग मिळाला, आज त्यात सुमारे २,१०० जाती आहेत. या वर्गाची मोठी फाळणी दीर्घ काळ हाताच्या मणक्यांवरून होत असे. बहुतेकांचे सांधे हात आडवे हलवण्याजोगे. बास्केट स्टार आणि त्यांच्या आप्तांचे सांधे असे की हात उभा गुंडाळता येतो. एवढा मोठा फरक, म्हणून ते एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. ओहारा, साबिने स्टोर, बेन थुय आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे २०१८ पर्यंत जी नवी मांडणी पूर्ण केली तिने ही फाळणी मोडली. फांद्याळ हातांचा बास्केट स्टार हा अगदी साध्या, टेबलावर ठेवलेल्या नमुन्यासारख्या दिसणाऱ्या ओफ्युराचा जवळचा नातलग निघाला. आणि तो साधा ओफ्युरा त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कितीतरी इतरांपासून दूर. ‘बास्केट स्टार सोडून बाकीचे’ हा वाटा कुणाच्या वंशाचा नव्हताच.

‘अमुक सोडून बाकीचे’ हे शब्द ऐकले की बौद्ध तार्किक पुढे सरसावणार. दिङ्नागाचं म्हणणं तेच तर होतं. गाय म्हणजे गोत्व नावाचा पदार्थ नव्हे. गाय म्हणजे जे गाय-नसलेलं नाही ते. शब्द वगळण्याचं काम करतो, पलीकडे काही धरत नाही. खऱ्या फक्त व्यक्ती, एकेका क्षणाच्या. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने एक छान दाखला दिला: ताप उतरवणाऱ्या वनस्पती एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात, त्यांच्यात कुठलंही एक ‘ज्वरहरत्व’ बसलेलं नसतं, तरी काम एक म्हणून माणूस त्यांना एका गटात घालतो. गट आपल्या गरजेचा.

बौद्धांच्या बाजूने साक्षीला झायलोप्लॅक्स उभा करता येईल. न्यूझीलंडजवळ हजार मीटरहून खोल बुडालेल्या लाकडावर सापडलेला, सेंटिमीटरहून लहान, हात नसलेला, जठर नसलेला, काठाला नळपायांचं एक कडं असलेला हा जीव. १९८६ साली बेकर, रो आणि क्लार्क यांनी ‘नेचर’मध्ये त्याच्यासाठी कंटकचर्मींचा, म्हणजे तारामासे, भंगुर तारे, साळिंदर ज्यात येतात त्या संघाचा, सहावा वर्ग जाहीर केला. जिवंत प्राण्यांसाठी नवा वर्ग ही शतकात क्वचित घडणारी गोष्ट. पुढे डीएनएने सांगितलं की तो तारामासाच आहे, खोल लाकडावरच्या आयुष्यासाठी आकुंचित झालेला. वर्ग आला, गाजला आणि विरघळला. प्राण्याच्या अंगात काहीही बदललं नव्हतं.

उदयनाची आणखी एक अट इथे आठवते, ‘तुल्यत्व’. घटत्व आणि कलशत्व या दोन जाती नव्हेत, कारण जे घट तेच कलश. एकाच समूहाला दोन नावं. ओफिओजुरा एक्सबोडीचं कुळ ओफिओजुरिडी, त्यात आज एकच जिवंत प्रजाती, त्या प्रजातीत एकच जाती. कुळ, प्रजाती, जाती: तीन पायऱ्या, पण तिन्हींवर उभे असलेले प्राणी तेच. १९५४ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जॉन ग्रेग यांनी नेमकी हीच अडचण पाश्चात्त्य तर्कशास्त्राच्या चिन्हांत मांडली आणि ती ‘ग्रेगचा विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध झाली. किरणावली त्यांच्या वाचनात असण्याचं काही कारण नव्हतं. इथे निकाल बौद्धांकडे झुकतो हे कबूल करावं लागेल. पायऱ्यांची संख्या माणसाने ठरवलेली आहे. फांदी मात्र खरी आहे. फ्रान्समधले ते ज्युरासिक तुकडे याच फांदीचे असतील, तर कुळ आणि जाती एका रेषेवर राहत नाहीत, कुळ मागे १८ कोटी वर्षं पसरतं.

बौद्धांना व्यक्तीच्या आश्रयाला जाऊ द्यावं, तर तिथेही समुद्र सुखाने बसू देत नाही. ओफिॲक्टिस सॅव्हिनयी हा उष्ण समुद्रांतला, स्पंजच्या भोकांत राहणारा छोटा, बहुधा सहा हातांचा भंगुर तारा. तो स्वतःला मधोमध फाडतो. अर्धी चकती आणि तीन हात इकडे, तितकेच तिकडे, मग दोन्ही अर्धी उरलेलं अंग वाढवतात. मूळचा कोणता? क्षणिकवादी बौद्धाला याने फारसं काही होत नाही. प्रवाह होता, दोन झाले. अडचण खरी होते जैन दर्शनाची. तिथे जीव देहाएवढा असतो, देहाबरोबर पसरतो आणि आक्रसतो. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी यावरच बोट ठेवलं होतं: माणसाएवढा जीव हत्तीच्या देहात गेला तर पुरणार कसा आणि मुंगीच्या देहात मावणार कसा? फाटलेल्या भंगुर ताऱ्याने हा प्रश्न आणखी अवघड केला असता. एका देहाएवढा जीव अर्धा झाला, की दुसऱ्या अर्ध्यात नवा येऊन बसला? एका देहात अनंत जीव मानण्याची सोय जैनांनी काही वनस्पतींपुरती ठेवली आहे. चालणाऱ्या, चव घेणाऱ्या जिवाला ती लागू पडत नाही.

हा सगळा वाद शाळेतल्या फळ्यावरचा राहिला असता तर गोष्ट वेगळी. भारतात तो तसा राहिला नाही. ब्राह्मणत्व ही खरी जाती आहे असं मीमांसक कुमारिल भट्टांनी मांडलं. ती डोळ्यांना थेट दिसत नाही, आईबापांच्या ज्ञानातून कळते, असं त्यांचं उत्तर. बौद्धांनी आणि अकराव्या शतकातल्या प्रभाचंद्रासारख्या जैन तार्किकांनी ते खोडून काढायला पानंच्या पानं खर्च केली. त्याआधी कितीतरी शतकं, सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात बुद्धाने दोन ब्राह्मण तरुणांपुढे हाच मुद्दा ठेवला होता: गवत, कीटक, साप, पाण्यातले मासे, पक्षी यांच्या अंगावर जन्मजात भेदाच्या खुणा असतात, माणसांत तशा नसतात. शेजारच्या गोव्यात, साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपात मराठीत आणला. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या ‘वज्रसूची’त हाच धागा आहे. गाय, हत्ती, घोडा यांची पावलं वेगळी ओळखता येतात, चार वर्णांची येत नाहीत. फणस बुंध्याला लागला काय आणि फांदीला लागला काय, फळ एकच. एकाला ब्राह्मण फणस आणि दुसऱ्याला शूद्र फणस कुणी म्हणत नाही. बुंध्याला लगडलेल्या फणसांच्या मुलखात हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वज्रसूचीचा विचार संत बहिणाबाईंनी अभंगांत आणला, १८६१ साली तुकारामतात्या पडवळांनी ‘जातिभेद विवेकसारा’त त्याचा उपयोग केला आणि त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुल्यांनी काढली.

आता खोल समुद्रातला प्राणी या युक्तिवादाला पेच घालतो. बुद्धाचा मुद्दा खुणेवर उभा आहे, आणि भंगुर ताऱ्यांत व त्यांच्या आप्तांत खूणच फसवी निघाली. फांद्याळ हात, पंचकोनी अंग, हातच नसणं, इतक्या ठळक खुणा, आणि वंश वेगळंच सांगतो. मग कुमारिलाचा वकील उठून म्हणू शकतो: पाहा, खूण नसली तरी जात असू शकते, ती वंशावरूनच कळते, आम्ही तेच म्हणत होतो.

त्याला उत्तर आहे, आणि ते उदयनाच्या पेटीतूनच काढता येतं. भंगुर ताऱ्यांच्या फांद्या जाती ठरतात कारण फुटल्यावर त्या मिसळल्या नाहीत. माणसाच्या वंशावळी मिसळत आल्या आहेत. धर्मशास्त्रांनी संकराबद्दल इतकी कलमं लिहिली तीच त्याची साक्ष. जे घडत नाही त्याला कुणी बंदी घालत नाही. जिथे वंश एकमेकांत मिसळतात तिथे वर्तुळं एकमेकांना छेदणार, आणि उदयनाच्या नियमाने छेदणारी वर्तुळं जाती नव्हेत. हा निष्कर्ष उदयनाने स्वतः काढला नाही. पण नियम एकदा लिहिला की तो लिहिणाऱ्याच्या सोयीपुरता थांबत नाही. बुद्धाने खुणेचा आधार घेतला तो तरुणांना पटावा म्हणून. खुणेचा टेकू काढून घेतला तरी त्याचं म्हणणं उभंच राहतं.

वर्ग केवळ सोयीचे, असं म्हणून हात झटकणंही परवडणारं नाही, आणि याचं कारण पुन्हा समुद्रातच आहे. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून धातूंचे पहिले गोटे वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावर भारताला असे गोटे शोधण्याचा हक्क आहे. अशाच गोट्यांच्या पॅसिफिकमधल्या पट्ट्यात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्रकारचे भंगुर तारे सापडले, आणि त्यांतल्या अनेकांना नावच नव्हतं. अहवालांत अशांची नोंद ‘ओफियुरॉइडिया, जाती १’, ‘जाती २’ अशी क्रमांकाने होते. फक्त व्यक्तीच खऱ्या मानल्या तर गोटे उपसणाऱ्या यंत्राखाली काही हजार प्राणी गेले, एवढंच म्हणता येईल. एक फांदी तुटली, असं म्हणायचं असेल तर फांदी खरी मानावी लागते, आणि ती दुसरीकडे कुठे शिल्लक आहे का ते तपासावं लागतं. त्यासाठी लागणारे नमुने, डीएनए आणि माणसं जगात मोजकी आहेत. तोवर खाणकामाच्या परवान्याच्या अटी कशाच्या आधारावर लिहायच्या, यावर जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाच्या बैठकांत वर्षानुवर्षं घासाघीस चालली आहे.